‘पथेर पांचाली’ची नटमंडळी : पूर्ववृत्त व उत्तरवृत्त

गेल्या मार्गशीर्ष महिन्यांत एके दिवशीं सायंकाळीं आमचा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब आमच्याकडे आला. क्षेमकुशल झाल्यावर इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. परंतु त्याच्या मनांत कांहीं तरी घोळत आहे हें त्याच्या मुद्रेवरून आम्हीं ताडलें. अखेर त्यानें तें सांगितलें. त्याची कन्या नऊ वर्षांची आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनांत तिचें काम पाहून एका तरुण दिग्दर्शकानें तिला आपल्या चित्रपटांत घेण्याची इच्छा दर्शविली होती. हा गृहस्थ कोणत्याही मोठ्या चित्रसंस्थेचा नव्हे. स्वतःचे व स्नेह्यांचे पैसे गोळा करून तो चित्र काढीत आहे. मुलीची आई हरखून गेली होती, आजी निक्षून ‘नाहीं’ म्हणत होती, आणि बाप त्या दोघींच्या मध्यें सांपडला होता. “गुरुजी, तुम्ही सांगाल तें आम्ही ऐकूं,” असें म्हणून त्यानें तो भार आमच्या माथीं टाकला.

छत्तीस वर्षें अध्यापन केल्यावर एवढें आम्हांस कळून चुकलें आहे कीं, समास कोणता हें निःशंकपणें सांगतां येतें, परंतु दुसऱ्याच्या मुलीचें काय करावें हें तसें सांगतां येत नाहीं. आम्हीं पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. त्या अवधींत सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ हा बंगाली चित्रपट आम्हीं पुनः दोनदां पाहिला, आणि त्यांतील मंडळी आली कोठून व पुढें गेली कोठें, ह्याविषयीं जें जें वाचावयास मिळालें तें तें वाचलें. त्या शोधांतून हातीं आलेला वृत्तान्त वाचकांपुढें ठेवीत आहों. ज्यांच्या घरीं मुलेंबाळें आहेत अशा वाचकांस तो निरुपयोगी वाटणार नाहीं.

प्रथम चित्रपटाविषयीं दोन शब्द. ‘पथेर पांचाली’ ही विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची कादंबरी. ती १९२९ सालीं ग्रंथरूपानें निघाली. ‘पांचाली’ हा शब्द प्रथम वाचला तेव्हां आम्हांस द्रौपदीची आठवण झाली, आणि ह्या कथेंत द्रौपदी कोठें येते हें शोधण्यांत आम्हीं बराच काळ घालविला, हें येथें कबूल केलें पाहिजे. संस्कृताचें ओझें पाठीवर असलें म्हणजे असें होतें! बंगाल्यांत पांचाली हा एक आख्यानगीताचा प्रकार आहे. तेव्हां ‘वाटेचें गाणें’ असा नांवाचा सरळ अर्थ. राय त्या वेळीं एका जाहिरात कंपनींत चित्रकार होते. चित्रपट कधीं केलेला नाहीं, हातीं द्रव्य नाहीं, आणि एकही धनिक निर्माता पुढें येईना. तेव्हां त्यांनीं आपल्या आयुर्विम्यावर पैसे उभे केले, संग्रहांतील पुस्तकें व ध्वनिमुद्रिका विकल्या, आणि पत्नीचे अलंकार गहाण पडले. सुब्रत मित्र नांवाच्या ज्या एकवीस वर्षांच्या तरुणाकडे छायालेखन सोंपविलें, त्यानें चलच्चित्राचा कॅमेरा तोंपर्यंत कधीं चालविला नव्हता. ऑक्टोबर १९५२ मध्यें आरंभ झाला. पैसा संपला कीं काम थांबे, पुनः मिळाला कीं चाले. अखेरीस पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र राय यांच्या सरकारनें पैसे दिले, आणि चित्राच्या नांवांत ‘पथ’ असल्यामुळें ते रस्तेसुधारणेच्या सदराखालीं खर्ची पडले! १९५५ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत व त्याच वर्षाच्या ऑगस्टांत कलकत्त्यास तें चित्र लोकांपुढें आलें, आणि १९५६ सालीं फ्रान्समधील कान येथील महोत्सवांत ‘मानवी जीवनाचा सर्वोत्कृष्ट दस्तऐवज’ म्हणून त्याचा गौरव झाला. हें सर्वश्रुतच आहे. म्हणून येथें अधिक विस्तार करीत नाहीं.

आम्हांस सांगावयाचें आहे तें माणसांविषयीं. आणि त्यांत पहिला मान वृद्ध इंदिर ठाकरुणचा.

ज्यांनीं तें चित्र पाहिलें आहे त्यांच्या डोळ्यांपुढून ती म्हातारी सहसा हलत नाहीं. कमरेंत वांकलेली, गालफडें बसलेलीं, बोचकें बगलेंत मारून या घरांतून त्या घरांत आश्रय शोधणारी ही निराधार विधवा! कोणत्याही महाराष्ट्रीय घरांतील जुन्या माणसांस तिच्यांत आपली एखादी आत्या किंवा मावशी ओळखूं येईल. ती भूमिका करणाऱ्या बाईंचें नांव चुनीबाला देवी. वय ऐंशीच्या घरांत. एके काळीं त्या रंगभूमीवर नटी होत्या, एखाददुसऱ्या चित्रपटांतही दिसल्या होत्या. पुढें कामें मिळेनाशीं झालीं आणि जग त्यांना विसरलें. ह्याच चित्रांत शेजारच्या तोंडाळ बाईचें काम करणाऱ्या रेबा देवी यांनीं त्यांचें नांव सुचविलें. राय त्यांच्या शोधार्थ गेले तेव्हां त्या कलकत्त्याच्या ज्या वस्तींत राहत होत्या, तेथें जाण्यास सभ्य गृहस्थ दिवसाउजेडीं कचरत असत.

येथें थोडें विषयांतर करणें अवश्य आहे. बंगालच्या रंगभूमीवर १८७३ पासून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करूं लागल्या, परंतु त्या आल्या बहुधा गणिकांच्या वस्तींतून. कुलीन घरांनीं आपल्या मुली पाठविल्या नाहींत. आपल्याकडे तोच प्रश्न पुरुषांना लुगडीं नेसवून सोडविण्यांत आला. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हां त्यांना तारामतीसाठीं वेश्यावस्तींतूनही बाई मिळाली नाहीं, आणि एका खाणावळींतील साळुंके नांवाच्या आचाऱ्यास तें काम द्यावें लागलें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक आहे. पुढें लौकरच ‘मोहिनी भस्मासुर’ मध्यें दुर्गाबाई कामत व त्यांची अल्पवयी कन्या कमलाबाई ह्या मायलेकी उभ्या राहिल्या. त्यांना स्वजनांनीं वाळींत टाकलें. त्याच कमलाबाई गोखले यांचे पुत्र चंद्रकांत व नातू विक्रम यांच्या अभिनयास पुढें त्याच समाजानें टाळ्या दिल्या. कोणाच्या घरची मुलगी कोठें उभी राहिली, एवढ्यावरून तिची किंमत करण्याची आपली संवय किती जुनी आहे, आणि आम्ही स्वतः तींतून किती उशिरां बाहेर पडलों, हें पुढें येईलच.

तर चुनीबालांना रायांनीं विचारलें, रोज खेड्यापर्यंत जाऊन येणें झेपेल काय? संवाद पाठ होतील काय? म्हातारीनें उत्तरादाखल एक लांबलचक बालगीत पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळतां म्हणून दाखविलें. प्रत्यक्ष कामाच्या वेळीं तर त्यांची स्मृति तरुणांस लाजविणारी ठरली. चित्रपटाचे प्रसंग क्रमानें घेतले जात नाहींत. आज दारांत शिरण्याचा, महिन्यानें दाराबाहेरचा, असा प्रकार असतो. मागच्या वेळीं बोचकें कोणत्या हातीं होतें, कोणता हात ओला होता, ह्याची आठवण त्याच करून देत. त्यांना अफूची संवय होती व रोजची मात्रा चुकली कीं त्यांच्यानें उभें राहवत नसे. हें सांगतांना त्यांची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. ऐंशी वर्षांच्या त्या शरीरानें त्या जीर्ण वाड्याच्या अंगणांत काय काय सोसलें, हें कळावें म्हणून सांगितलें.

चांदण्यांत बसून म्हातारी परलोकाच्या वाटेचें एक भजन गुणगुणते. तें त्यांनीं स्वतःच्या आवाजांत म्हटलेलें आहे. त्याहून विलक्षण प्रसंग तिरडीचा. इंदिर ठाकरुण मरते व लोक तिला नेतात असें दाखवावयाचें होतें. जिवंत वृद्धेस तिरडीवर निजण्यास सांगावें कसें, ह्या संकोचानें सर्व मंडळी गप्प. बाईंनीं मात्र आनंदानें संमति दिली. चित्रण संपलें, तिरडी खालीं ठेविली, दोर सोडले, तरी त्या हालेनात! सर्वांच्या तोंडचें पाणी पळालें. तेवढ्यांत प्रेतानें डोळे उघडून विचारलें कीं, संपलें काय? मग मला कोणीं सांगितलें कां नाहीं? मी आपली अजून मेलेलीच पडलें आहें!

राय पुढें म्हणत असत कीं, काम अडीच-तीन वर्षें रेंगाळूनही तीन चमत्कारांमुळें चित्र तरलें: अपूचा आवाज फुटला नाहीं, दुर्गा मोठी झाली नाहीं, आणि इंदिर ठाकरुण मेली नाहीं. १९५५ सालींच, चित्र लोकांपुढें येण्याआधीं, चुनीबाला वारल्या.

आतां गृहिणी सर्वजया. ती भूमिका करणाऱ्या करुणा बंद्योपाध्याय (१९१९-२००१) ह्या सुशिक्षित घरांतील. भारतीय जननाट्य संघाच्या नाटकांत हौशी कलावती म्हणून त्यांनीं कामें केलीं होतीं. पति सुब्रत बंद्योपाध्याय हे रायांचे स्नेही. चुनीबाला आणि करुणा, एक बदनाम वस्तींतून आलेली, दुसरी भद्र कुटुंबांतील, ह्या दोघी त्या अंगणांत समोरासमोर बसल्या आहेत, आणि चित्रांत कठोर बोलणारी कोण, तर कुलीन! दारिद्र्यानें करपलेली सर्वजया म्हातारीशीं बोलतांना कपाळास आठी घालते. आणि तरीही तिचा राग येत नाहीं, हेंच करुणाबाईंचें यश.

भरतमुनींनीं अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. वर्गांत आम्ही ते शिकवीत आलों, परंतु सात्त्विकाचें उदाहरण द्यावयाचें झालें म्हणजे रोमांच, अश्रु, वैवर्ण्य अशी यादी म्हणून वेळ मारून नेत असूं. ह्या चित्रांतील एक प्रसंग पाहिला असता तर ती यादी म्हणण्याचें कारण पडलें नसतें. हरिहर पुष्कळ दिवसांनीं परगांवाहून येतो. मुलगी दुर्गा वारली आहे हें त्यास ठाऊक नाहीं. तो हौसेनें आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवितो, आणि शेवटीं दुर्गेसाठीं आणलेलें लुगडें पत्नीच्या हातीं देतो. तेथपर्यंत पुतळ्यासारखी बसलेली ती माउली कोसळते. तिचा आक्रोश आपणांस ऐकूं येत नाहीं. रायांनीं त्या ठिकाणीं तारशहनाईचे सूर घातले आहेत. वाचिक काढून घेतलें तरी उरतें तें सात्त्विक. पुढें ‘अपराजितो’ मधील त्याच भूमिकेसाठीं १९५९ सालीं ब्रिटिश अकादमीनें श्रेष्ठ परदेशी अभिनेत्रींच्या नामावलींत करुणाबाईंचें नांव घातलें. त्यानंतर ‘देवी’, ‘कांचनजंघा’ अशीं मोजकींच चित्रें त्यांनीं केलीं. चित्राच्या आरंभीं दुर्गेच्या बालपणींची जी चिमुरडी दिसते, ती रुंकी, करुणाबाईंचीच कन्या.

हरिहर झालेले कानू बंद्योपाध्याय हे पूर्वींपासून पडद्यावरचे मुरलेले नट. त्यांच्याविषयीं विशेष लिहिण्यासारखें नाहीं. परंतु तुलसी चक्रवर्ती यांस ओलांडून जाणें आमच्यानें शक्य नाहीं, कारण ते आमच्याच व्यवसायाचे! म्हणजे चित्रांत. प्रसन्न नांवाचा हा वाणी दुकानांतच शाळा चालवितो. एकीकडे गिऱ्हाइकास मीठमसाला तोलून द्यावयाचा, दुसरीकडे मुलांस शुद्धलेखन घालावयाचें, मध्येंच छडी उगारावयाची, आणि हें सर्व मांडी न मोडतां. तुलसीबाबू (१८९९-१९६१) बंगाली चित्रपटांत जन्मभर लहानसान विनोदी भूमिका करीत आले होते. रायांनीं त्यांचें मोल ओळखून १९५८ च्या ‘परश पाथर’ मध्यें त्यांना नायक केलें, परंतु तोंवर त्यांचें आयुष्य सरत आलें होतें. तो शाळेचा प्रवेश पाहतांना घरांतील सर्वजण आमच्याकडे पाहून हंसत होते, हें नमूद करून पुढें जातों.

आतां दोन मुलें. ज्यांच्याकरितां हा सारा खटाटोप.

अपूसाठीं रायांनीं वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. पुष्कळ मुलगे आले. एका आईबापांनीं तर मुलीचे केंस कापून तिलाच मुलगा म्हणून आणलें. मानेवरची न्हाव्याकडील पावडरही पुसली नव्हती! (मुलांकडून कीर्ति व पैसा मिळविण्याचा हा हव्यास आजचाच आहे असें समजणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.) शेवटीं रायांच्या पत्नी विजया यांस शेजारींच खेळणारा एक मुलगा दिसला. तोच सुबीर बंद्योपाध्याय.

मुलगा दिसण्यांत हवा तसा, पण अभिनयाचा गंध नाहीं. पहिल्याच दिवशीं काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांतून बहिणीला शोधीत जाण्याचें काम होतें. तो जत्रेंतल्या बाहुल्यासारखा ताठ चालूं लागला. तेव्हां रायांनीं त्याच्या वाटेंत काटक्या टाकून ठेविल्या, म्हणजे त्या ओलांडण्यासाठीं पाऊल आपोआप बिचकत पडावें. आणि झुडुपांआड निरनिराळ्या जागीं माणसें दडवून त्यांस त्याच्या नांवानें हांका मारावयास लाविल्या, म्हणजे मान आपोआप वळावी. पडद्यावर तो मुलगा खरोखरच शोधीत आहे असें वाटतें. आम्ही छत्तीस वर्षें मुलांना ‘लक्ष दे, लक्ष दे’ म्हणत आलों. वाटेंत काटकी ठेवण्याची युक्ति आम्हांस कधीं सुचली नाहीं. दुसऱ्या आठवड्यांत मंडळी परत गेली तों तुरे गुरांनीं खाऊन टाकले होते, आणि उरलेल्या कामासाठीं पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागली!

दुर्गा झालेली उमा दासगुप्ता शाळेंत शिकणारी मुलगी. शाळेच्या नाटकांतून तिनें काम केलेलें होतें, आणि रायांच्या एका साहाय्यकानें तिला शोधून काढलें. पावसांत भिजण्याचा तो प्रसिद्ध प्रवेश पाहा. वास्तविक पावसाळा पैसे नसल्यामुळें वायां गेला होता. ऑक्टोबरांत अवचित एक सर आली, ती गांठून चित्रण केलें. दोन्हीं मुलें खरोखरच कुडकुडत होतीं, आणि नंतर त्यांस दुधांतून थोडी ब्रँडी द्यावी लागली. आमच्या विद्यार्थ्याच्या पत्नीस आम्हीं हें मुद्दाम सांगितलें. पडद्यावर जें मोहक दिसतें त्याच्या मागें एखाद्या मुलाची थंडी असते, आणि ती पाहणारें, वेळीं ‘पुरे’ म्हणणारें माणूस तेथें हजर पाहिजे.

पुढें काय झालें? उमा दासगुप्ता चित्रपटांत पुनः आल्या नाहींत. जिच्या मुद्रेनें देशोदेशींचे रसिक मोहून गेले, त्या मुलीनें शिक्षिकेचा व्यवसाय पत्करला आणि आयुष्यभर मुलांना शिकविलें. १८ नोव्हेंबर २०२४ रोजीं कोलकात्यास त्या वारल्या. तें वृत्त आम्हीं वाचलें त्या दिवशीं मन उगाच उदास झालें. एका व्यवसायबंधु-भगिनीचा तो शोक होता, कीं तळ्यांत फेंकलेल्या त्या मण्यांच्या माळेवर शेवाळ पुनः मिटतें त्या दृश्याची आठवण होती, हें सांगतां येत नाहीं.

सुबीरबाबूंची गोष्ट निराळी. ‘अपराजितो’ मध्यें मोठा अपू हवा म्हणून दुसरा मुलगा आला. ‘अपूर संसार’ (१९५९) मध्यें सौमित्र चट्टोपाध्याय आले, आणि त्यांचें नांव अपूशीं कायमचें जोडलें गेलें. सौमित्रबाबूंनीं रायांच्या चौदा चित्रांत भूमिका केल्या, दादासाहेब फाळके यांच्या नांवाचा सन्मानही मिळविला, आणि १५ नोव्हेंबर २०२० रोजीं ते वारले तेव्हां सारा बंगाल हळहळला. ज्या बालकाच्या उघडलेल्या एका डोळ्यांतून ती सारी कथा सुरू झाली, तो मात्र पुनः कॅमेऱ्यापुढें आला नाहीं. साधी नोकरी करून त्यानें संसार केला. ‘तो अपू आपणच काय?’ असें विचारणाऱ्यांपासून तो दूर राहत असे. त्याच्या जीवनावर कौशिक गांगुली यांनीं ‘अपूर पांचाली’ नांवाचा चित्रपट काढला. २०१३ सालीं गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांत त्याच्या दिग्दर्शनास पारितोषिक मिळालें. त्या निमित्तानें लोकांस आठवलें कीं, अपू नांवाचें एक खरें माणूस आहे.

सुबीरबाबूंच्या आयुष्यास अपयश म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. नोकरी करून कुटुंब पोसणें हें अपयश असेल तर आपण सर्वच अपयशी. परंतु सहा-सात वर्षांच्या वयांत मनुष्याच्या हातून जें घडलें, तेंच त्याचें सर्वस्व असें जगानें पुढें साठ वर्षें धरून बसावें, हें ओझें लहान नव्हे. आणि तें त्याच्या खांद्यावर ठेवतांना त्याला कोणीं विचारलें नव्हतें.

आतां आमचा कबुलीजबाब. नोकरीच्या आरंभीं एका शाळेंत संमेलनासाठीं ‘शाकुंतला’चा एक प्रवेश बसविण्याचें ठरलें होतें, आणि शकुंतलेसाठीं निवडलेल्या मुलीचे वडील असेच आमचें मत विचारावयास आले होते. आम्हीं पंधरा दिवस मागितले नाहींत. ‘नाटकांतून मुलीचें काय व्हावयाचें आहे?’ असें तडकाफडकीं विचारलें, आणि मुलीचें नांव निघालें. दोन वर्षांमागें एका लग्नांत ती बाई भेटली, पन्नाशी उलटलेली. पंगतीनंतर तिनें तो सगळा प्रवेश आम्हांस म्हणून दाखविला. एक विसर्गही चुकला नव्हता. तिनें आम्हांस दोष दिला नाहीं. म्हणून दाखविलें, एवढेंच.

मुदत संपली त्या दिवशीं विद्यार्थी आला, तो आईस घेऊन. आम्हीं सर्वांना बसवून प्रथम चित्रपटच दाखविला. मग विद्यार्थ्यास सांगितलें, दिग्दर्शकास तीन गोष्टी विचार: मुलीजवळ घरचें माणूस सारा वेळ राहील काय, शाळा किती दिवस बुडेल, आणि पैसे मध्येंच संपले तर काय करणार? त्यांचीं उत्तरें सरळ मिळालीं तर हो म्हण. आणि पुढें तिला ती वाट नको वाटली तर तिला कोणी अपूसारखें धरून ठेवूं नये, हें तुम्ही आईबाप पाहा.

आजीबाई इतका वेळ कांहीं बोलल्या नव्हत्या. त्यांनीं विचारलें, “ती म्हातारी झालेली बाई, तिनें हें चित्र पाहिलें होतें का हो, गुरुजी?”

आम्हीं सांगितलें कीं होय. बाई फार दिवस काढणार नाहींत हें जाणून रायांनीं यंत्र घेऊन त्यांच्या घरीं जाऊन त्यांना तें दाखविलें होतें.

“त्या तसल्या वस्तींत?”

“तेथेंच.”

आजीबाईंनीं पदरानें चष्मा पुसला. थोड्या वेळानें मुलाकडे वळून त्या म्हणाल्या, “त्या दिग्दर्शकाला विचार, मला बसायला तिथें सावलींत जागा मिळेल का?”